घाशीराम कोतवाल : एकोणीस प्रयोग आणि त्यानंतर

१६ डिसेंबर १९७२. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रेक्षकांसमोर शेंडी-जानवे ल्यालेल्या ब्राह्मणांची एक रांग येऊन उभी राहिली. ही रांग गात होती, डोलत होती आणि पाहता पाहता भिंत होत होती. भिंत पाठ फिरवी तेव्हा तिच्याआड काहीतरी घडे. भिंत तोंड फिरवी तेव्हा ते उघडे पडे. पेशवाईवरची नाटके म्हणजे भरजरी पोशाख, पल्लेदार भाषणे आणि शेवटी डोळ्यांत पाणी, अशी सवय झालेल्या पुणेकर रसिकाला हे सर्वस्वी अपरिचित होते.

विजय तेंडुलकरांचे हे ‘घाशीराम कोतवाल’. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची, आणि नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजेच पीडीए. कलावंत हौशी होते. दिग्दर्शक आणि नाना हे दोघे तर व्यवसायाने डॉक्टर.

मूळ इतिहास थोडक्यात असा. कनोजकडून आलेला घाशीराम सावळदास नानांच्या कारकिर्दीत पुण्याचा कोतवाल झाला. शहरावर त्याचा वचक होता आणि त्या वचकाबद्दल रोषही होता. ऑगस्ट १७९१ मध्ये तेलंगी ब्राह्मणांचा एक जथा त्याच्या माणसांनी कोंडून ठेवला आणि गुदमरून त्यांतले अनेक दगावले. शहर खवळले. गादीवर सवाई माधवराव होते, वय सतरा, कारभार नानांचा. अखेर घाशीराम जमावाच्या हाती देण्यात आला आणि दगडांनी ठेचून मारला गेला. ही कथा तेंडुलकरांच्या आधीही साहित्यात आली होती. मोरोबा कान्होबा यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक १८६३ सालचे.

तेंडुलकरांनी मात्र या कथेचा रोख फिरवला. त्यांचा घाशीराम पुण्यात अपमानित होतो, चोरीचा खोटा आळ घेऊन हाकलला जातो आणि सूडासाठी आपली मुलगी गौरी नानांच्या वासनेपुढे ठेवून कोतवाली मिळवतो. उपयोग संपल्यावर नाना त्याला जमावापुढे टाकतात आणि उत्सवाची आज्ञा करतात. घाशीराम कुणी घडवला, हा या नाटकाचा खरा प्रश्न.

प्रेक्षकगृहात या प्रश्नाचे दोन परस्परविरोधी प्रतिसाद उमटले. एकाच रांगेत, एकाच वेळी. कीर्तन, लावणी, खेळे आणि दशावतार यांच्या मिश्रणाने काहीजण भारावून गेले; देवाचे नाव आणि बावनखणीची वाट एकाच चालीत गुंफणारे संगीत त्यांना मराठी रंगभूमीवरचा नवा चमत्कार वाटला. इतरांना नेमकी तीच गुंफण झोंबली. पानिपतानंतर राज्य सावरणारा मुत्सद्दी लंपट दाखवला जातो, एका संपूर्ण ज्ञातीची टिंगल होते, आणि तीही पुण्यात, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप घेणारे सगळेच संकुचित होते असे म्हणणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. ज्यांच्या घरी नानांच्या पत्रांची पारायणे झाली होती, त्यांच्या दृष्टीने हा वाद कलेचा नव्हता. एका माणसाला मरणोत्तर न्याय देण्याचा होता.

तेंडुलकरांचे उत्तर असे की हे ऐतिहासिक नाटक नाहीच. विशिष्ट समाजस्थितीत घाशीराम कसे निर्माण होतात, हे त्यांना दाखवायचे होते. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण पुरेसे नाही. नाव नाना फडणवीस, गाव पुणे आणि पगडीही ओळखीची असेल, तर प्रेक्षकाने इतिहास दाराबाहेर ठेवून यावे ही अपेक्षा जरा जास्तच. आणि तरीही, ते नाव नसते तर नाटक इतके बोचले असते का? दंतकथेतल्या एखाद्या राजाचा कोतवाल पाहून पुणेकर टाळ्या वाजवून घरी गेले असते. बोचण्याची ती शक्ती तेंडुलकरांनी इतिहासाकडूनच उसनी घेतली होती.

एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवले. संस्थेचे धुरीण भालबा केळकर यांना ते पुढे चालू ठेवणे मान्य नव्हते. सरकारी बंदी आली असती तर लढाई सोपी होती; येथे हात होता तो घरच्याच वडीलधाऱ्याचा. ज्या संस्थेने रंगमंचावर उभे राहायला शिकवले, तिच्याशी भांडायचे की नाटक सोडायचे, एवढेच पर्याय उरले. तरुण मंडळींनी संस्था सोडली. २७ मार्च १९७३ रोजी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन झाली. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही त्यांतली ठळक नावे.

११ जानेवारी १९७४ रोजी नाटक पुन्हा उभे राहिले. वर्षभरापूर्वीचा प्रेक्षक काहीच न जाणता आला होता. आताचा प्रेक्षक मत बनवून येत होता, आणि एखादे नाटक बंद पाडल्याने त्याचे काय होते याचा हा नमुनाच म्हणावा लागेल. कुणी आक्षेपार्ह जागा हेरायला येई, कुणी थांबवलेल्या नाटकाला पाठिंबा द्यायला. दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांसमोर तीच भिंत गात उभी राही. प्रयोग चालत राहिले, वर्षानुवर्षे.

विरोध मात्र विझला नाही. १९८० साली युरोपच्या दौऱ्याचे आमंत्रण आले तेव्हा नानांची ही प्रतिमा परदेशी नेऊ नये म्हणून पुन्हा वादळ उठले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तडजोड अशी निघाली की, खरे नाना फडणवीस थोर मुत्सद्दी होते आणि हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे, असा खुलासा प्रयोगाआधी करायचा. ज्या परक्या प्रेक्षकांनी नानांचे नावही कधी ऐकले नव्हते, त्यांनी आधी हा खुलासा ऐकायचा आणि मग नाटक पाहायचे, असे ठरले.