पांचावरचा अनुस्वार

नाक चिमटीत धरून पाचाचा पाढा म्हणावयास लावणे, ही शिक्षा मी दुसऱ्या कोणास झालेली ऐकली नाही. मला ती 1946 साली, वयाच्या आठव्या वर्षी, पंधरा दिवस रोज भोगावी लागली आणि तिचा सल अजून गेलेला नाही.

वडील कचेरीत कारकून. बदलीचा हुकूम आला आणि रत्नागिरीकडचे खेडे सोडून आम्ही सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आलो. माझ्या तोंडी आजीची बोली होती. 'पांच', 'नांव', 'गांव' यांतील आकार ती नाकातून घोळवून सोडीत असे, आणि अक्षरशत्रू असूनही 'ते गडी' व 'तें केळें' यांतील लिंगवचनाचा भेद केवळ एका स्वराच्या अनुनासिकत्वाने निरपवाद राखीत असे. देशावरच्या त्या शाळेत मात्र मी गेंगाणा ठरलो. "नाकात नको, तोंडाने बोल," असे म्हणून गुरुजी मला वर्गापुढे उभे करीत आणि माझ्याच बोटांनी माझे नाक दाबावयास सांगत. पाढ्यात तर 'पांच' दर ओळीस येतो. टाळूच्या मागचा मऊ पडदा खाली उतरला की श्वासाचा काही अंश नाकात शिरतो आणि नाकपुड्या मिटल्या की तो तेथेच कोंडून स्वर अधिकच घुमतो. उलट जो स्वर निव्वळ मुखातून निघतो, त्याच्यात नाक दाबल्याने काडीचाही फरक पडत नाही. म्हणजे ज्या उपायाने माझा दोष झाकावयाचा, त्यानेच तो चव्हाट्यावर येत होता. मी नाक जितके घट्ट दाबी तितका 'पांच' विद्रूप होई, वर्ग हसे, आणि "पहिल्यापासून" असा गुरुजींचा आवाज येई. 'पाचा पाचा पंचवीस' या ओळीपाशी माझे पाय कापू लागत. अखेर तो स्वर गेला. मी 'पाच' म्हणू लागलो.

1963 साली मुंबईत फ्रेंचच्या सायंवर्गास जाऊ लागलो, तेव्हा त्या भाषेतील अनुनासिक स्वरांनी आम्हा सर्व मराठी विद्यार्थ्यांची सारखीच कोंडी केली. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाचा दास आहे: 'पंत' मध्ये तो न्, 'अंबा' मध्ये म्, 'अंक' मध्ये ङ्. ही सवय आम्ही फ्रेंचमध्ये जशीच्या तशी नेली. चांगल्या पुरुषासाठी 'बों', चांगल्या स्त्रीसाठी 'बॉन'. पहिल्यात न् मुळीच नाही, पण आम्ही तो घालीत असल्याने आमचे सारे पुरुष स्त्रीलिंगी होत. वाट पाहणे आणि ऐकणे ही दोन क्रियापदे तर आरंभीच्या आकारातील अनुनासिकत्वानेच वेगळी राहतात. आम्हाला तो भेद कानानेही कळत नसे, मग जिभेला कोठून साधणार?

एके दिवशी बाईंनी स्वतःचे नाक चिमटीत धरले. माझ्या कानशिलांत रक्त चढले. पण त्या शिक्षा करीत नव्हत्या. पारख कशी करावी ते दाखवीत होत्या. नाक दाबून स्वर बदलला तर तो खरा अनुनासिक, न बदलला तर नव्हे. मुख आणि नासिका या दोहोंतून उच्चारला जाणारा तो अनुनासिक, ही पाणिनीची व्याख्या पाठ असूनही माझा स्वर बदलेना.

मग संख्या आल्या. फ्रेंच पाच म्हणजे 'सँक'. आम्ही सारे 'सॅङ्क' म्हणत होतो, क् च्या आधीच जिभेचे मूळ टाळूस टेकवीत होतो. "स्वर पुरा होईतो जीभ कोठे लावू नका," बाई म्हणाल्या. तेव्हा एकाएकी आजीचा 'पांच' आठवला. त्यातही च् पूर्वी ञ् ला जागा नव्हती. तो मनात म्हणून मी 'सँक' म्हटले आणि बाईंनी मान हलविली. पुढे समजले की हे दोन्ही शब्द एकाच कुळातले, एक लॅटिनकडून आलेला, दुसरा संस्कृत 'पञ्च' वरून, आणि दोहोंतही मूळ अनुनासिक व्यंजन लोपून स्वराच्या अंगी मुरलेले.

शिकविणाऱ्यांना माझे सांगणे असे की आरंभ परक्या शब्दापासून करू नये. होकाराचा 'हां' प्रत्येक मराठी माणूस शुद्ध अनुनासिक काढतो. तोच लांबवावा, ऐकावा, मग पुढे जावे. आजीच्या बोलीने सारेच साधले असे मात्र नाही. ओठ गोल करून काढावयाचा फ्रेंच 'एक' मला अद्याप येत नाही, आणि तो पॅरिसमध्येही आता 'सँक'च्या स्वरात मिसळत चालला आहे.

1962 च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा मी त्यांचा हिरिरीने पुरस्कार केला होता, आणि ते सोयीचे आहेत असे आजही मानतो. परंतु 'अनुच्चारित' हा शब्द वाचला की विचारावेसे वाटते, कोणाच्या मुखी अनुच्चारित? गुरुजींविषयीही मी एकच एक भावना बाळगू शकत नाही. माझ्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेची फी त्यांनीच भरली होती.

त्या शिक्षेनंतरच्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो. आजी पडवीत बसून आंबे पाच-पाच करून टोपलीत टाकीत होती. मी म्हणालो, "आजी, पांच नव्हे, पाच म्हण. नाकात बोलू नकोस." ती माझ्याकडे पाहत राहिली. त्यानंतर मी जवळ असलो की ती मनातल्या मनात मोजी. नुसते ओठ हलत.