पाच वल्ही, एक मग

कॉलेजात एन.सी.सी.च्या नौदल विभागात नाव घातले तेव्हा आमच्या आयांचा पहिला प्रश्न होता, "पोहता तरी येतं का रे तुम्हाला?" आम्ही तिघे एकाच वस्तीतले. प्रश्न बरोबरच होता. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, तिथे पोहायला शिकवणार कोण? आमच्या घरांत पहिले पोहणारे आम्हीच.

डिसेंबर १९९३ मध्ये रत्नागिरीहून बाणकोटपर्यंत मोहीम निघाली. होडीला 'व्हेलर' म्हणतात. २७ फूट लांब, पाच वल्ही. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. ही तूट सुकाणूवाल्याने सांभाळायची. शिडे होती, पण हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून येणारा वारा तेवढा कामाचा. दुपारनंतर वायव्येचा सुटतो, आणि आम्हाला जायचे उत्तरेला! मग शिडे उतरवून वल्हवायचे. दुसऱ्या दिवशी तळहात सोलले. त्यावर खारे पाणी लागले की आग व्हायची. फडकी गुंडाळून वल्हवत राहिलो. रात्री किनाऱ्यावर आडवे झालो तरी जमीन डुलतेच आहे असे वाटे. (आता मुलीही अशा मोहिमांना जातात. आपल्या मुलींना जरूर पाठवा. 'सी' प्रमाणपत्र सैन्यभरतीत उपयोगी पडते.)

पिण्याचे पाणी एका कॅनमध्ये आणि सर्वांत मिळून एकच मग. पाणी मोजून मिळायचे. पहिल्या रात्री जयगडला होडीतल्या एकाने सर्वांची आडनावे विचारून घेतली. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच्या बाटलीतून पिऊ लागला. कोणी काही बोलले नाही. वल्हवताना एकाची लय चुकली तर मागच्याचे वल्हे पाठीत बसते. तिथे भांडून चालत नाही. दाभोळ मागे पडले आणि भर उन्हात त्याची बाटली संपली. मग त्याच्यापुढे आला. क्षणभर थांबला, मग घटाघटा प्यायला. पुन्हा मागितले. वाटणीपेक्षा जास्त मात्र आम्ही दिले नाही!

चौथ्या दिवशी बाणकोटसमोर आलो. इथे सावित्री समुद्राला मिळते, पलीकडे हरिहरेश्वर. परमपूज्य बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यात. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला लाटा फुटतात, म्हणून भरतीची वाट पाहत बाहेरच थांबलो. तेवढ्यात आम्ही बाकीच्यांना सांगितले, की २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले ते याच खाडीने आत गेले. दुसऱ्या दिवशी दासगावला उतरून महाडला पायी पोहोचले, आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. विहारात ही हकीकत दरवर्षी ऐकत आलो होतो. पण एवढे रुंद पाणी आमच्या डोळ्यांसमोर कधी आले नव्हते.

बाटलीवाला गप्प ऐकत होता. "दासगाव इथून किती लांब?" त्याने विचारले. आम्ही आतल्या बाजूला हात केला. सुकाणूवाल्याने भरती लागल्याचे सांगितले आणि पाचही वल्ही पाण्यात पडली.