फळ्यावरचे मत, पेटीतले मत

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीहून चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. त्या गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. राज्यशास्त्राच्या वर्गात हे आकडे मांडले की मी लगेच त्याच्या मागची-पुढची हकिगत सांगतो. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ ची निवडणूक जिंकून सत्तेवर आला होता. कौल विरोधात गेला, आणि दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, तोच पक्ष पुन्हा निवडून आला. भाऊसाहेब हवेत पण विलीनीकरण नको, असे म्हणणारे मतदार तिथे मोठ्या संख्येने होते. कौल झाला नसता तर १९६३ चा निकाल हाच विलीनीकरणाचा आदेश, असे आपण आजही लिहीत बसलो असतो.

आम्हा कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातल्या लोकांना असा प्रश्न कुणी विचारला नाही. गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा, ही महाराष्ट्रात जाण्याच्या आमच्या मागणीची चार सूत्रे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्यातली पहिली तीन नकाशा आणि जनगणना घेऊन तपासता येतात. चौथ्याचे काय? या सीमाप्रश्नासाठी १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने निवेदने घेतली, साक्षी ऐकल्या आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सांगितले. बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्या काळात मतपेटी ठेवून लोकेच्छा मोजली गेली नाही.

मग ती वाचायची कुठे? माझा अभ्यास याच प्रश्नाचा आहे, आणि माझे पहिले साधन आहे मंडळाचा फळा. बेळगावच्या गल्लीत किंवा खानापूरच्या खेड्यात कोपऱ्यावर काळा फलक असतो. ऑक्टोबरअखेर त्यावर काळ्या दिनाच्या निषेध फेरीची वेळ येते, जानेवारीत सीमालढ्यातल्या हुतात्मा दिनाचे आवाहन. बाहेरचा पत्रकार नेमका तेव्हाच येतो, फोटो काढतो आणि ‘सीमाभाग पेटला’ असे लिहून मोकळा होतो. मी म्हणतो, तोच फळा जुलैत वाचा. नळाला पाणी कधी येणार, कुस्तीचे मैदान कुठे, कुणाच्या तिसऱ्याला किती वाजता जमायचे, आणि तळाशी, निम्मे पुसलेले, जमिनीचा उतारा मराठीतून मिळावा म्हणून द्यायच्या निवेदनावर सह्या करण्याचे आवाहन. त्या पुसट ओळीला मी मोर्चाच्या घोषणेपेक्षा जास्त वजन देतो. ती कुणाला दाखवायला लिहिलेली नसते. खडू कुणाच्या हातात आहे, तेही पाहावे लागते. बहुधा दोन-चार तरण्या पोरांच्या. गल्लीतल्या बायकांचे मत त्या फळ्यावर जवळजवळ कधीच उमटत नाही, म्हणून केवळ फळा वाचून लोकमत सांगणारा अर्ध्या गावाला वगळून बोलत असतो.

कणकुंबीत माउलीच्या देवळाकडून स्टँडवर आलो की चहाला बसायचे आणि ऐकायचे, ही माझी पद्धत. एका म्हाताऱ्या काकांना मी सरळच विचारले, आता लोकांना काय वाटते? ते म्हणाले, “कोण इचारालंय, त्यावर उत्तर हाय की सर!” सर्वेक्षणशास्त्राची जाडजूड पुस्तके याच वाक्याभोवती फिरतात. सरकारी माणसाला एक उत्तर, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यकर्त्याला दुसरे, आणि गोव्यात कामाला असलेल्या मुलाशी फोनवर तिसरे. तिन्ही खरी असतात.

निवडणुकीचे निकालही असेच जपून वाचावे लागतात. खानापुरात २०१३ साली महाराष्ट्र एकीकरण समितीचा आमदार झाला, २०१८ ला काँग्रेसचा, २०२३ ला भाजपचा. यावरून ‘सीमाप्रश्न संपला’ असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात. मला तो घाईचा वाटतो. समितीतली फूट, रस्ते, नोकऱ्या, उमेदवाराची जात आणि ओळख हे सगळे त्या एका बटणात दाबले जाते. उलट, समितीचा विजय म्हणजे गावन्‌गाव महाराष्ट्रात जायला निघाले, हाही अर्थ तेवढाच कच्चा होता. जाहीर निकाल आणि मनातले मत यांतले हे अंतर इतरत्रही दिसते. इजिप्तमध्ये राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांना २००५ च्या निवडणुकीत ८८ टक्क्यांवर मते पडल्याचे जाहीर झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात जमलेल्या लोकांनी त्यांना पायउतार व्हायला लावले. जगभरचे अरब देशांचे अभ्यासक तेव्हा हबकले. तिथले लोक चहाच्या दुकानांत आणि आपसांत काय बोलतात, हे ऐकणाऱ्यांना मात्र असंतोषाची चाहूल आधीच होती.

पाण्याचे तर विचारूच नका. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, आणि जो कळसा नाला तिच्याकडे वळवायचा घाट आहे तोही इथलाच. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाने २०१८ मध्ये कळसा-भांडुरासाठी ३.९ टीएमसी पाणी दिले. नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांचे मत सर्वांना ठाऊक आहे, २०१५ पासून त्यांनी ते रस्त्यावर मांडले. गोव्याचे विरोधातले मत तिथल्या विधानसभेत घुमते. आणि ज्यांच्या रानातून कालवा खणला त्यांचे? ते कधी ग्रामपंचायतीच्या ठरावात सापडते, कधी वाचकांच्या पत्रात, बरेचदा कुठेच नाही. दोन राज्यांच्या भांडणात उगमाकडचा माणूस मोजलाच जात नाही, आणि मला हा अन्याय सीमेच्या रेषेइतकाच मोठा वाटतो.

म्हणून या अंकाच्या वाचकांकडे एक मागणे आहे. बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या ‘तरुण भारत’मधील वाचकांच्या पत्रांची कात्रणे, जुनी पत्रके, ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या नकला, मंडळाच्या फळ्यांचे फोटो तुमच्या माळ्यावर असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. त्यावर गाव आणि तारीख लिहा आणि जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.