दोरीवरचे कपडे

कॅलिफोर्नियात ओकलंड नावाचं शहर आहे. १९४२ सालच्या उन्हाळ्यात तिथल्या एका बाईंनी धुणं धुऊन परसातल्या दोरीवर वाळत घातलं होतं. तेवढ्यात डोक्यावरून, म्हणजे अगदी डोक्यावरूनच, दोन शेपट्यांचं एक लढाऊ विमान धडधडत गेलं आणि त्याच्या वाऱ्याने दोरीवरचे कपडे उडून मातीत पडले. बाई चिडल्या आणि त्यांनी सरळ तक्रार केली. चिडणार नाहीत तर काय करतील! ज्यांनी हाताने चादरी पिळल्या आहेत त्यांना त्यांचा राग लगेच समजेल. वॉशिंग मशीनच्या जमान्यातल्या आमच्या सुनांना जरा समजावून सांगावा लागेल.

ते विमान चालवणारा पोरगा होता रिचर्ड बाँग. वय एकवीस, विस्कॉन्सिनमधल्या पॉप्लर नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्यावर आरोप एकच नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या भर बाजारपेठेतून, मार्केट स्ट्रीटवरून, त्याने खालून विमान नेलं आणि गोल्डन गेट पुलाभोवती कोलांटी मारली, असंही म्हणत होते. त्याचे वरिष्ठ जनरल जॉर्ज केनी यांनी त्याला बोलावून घेतलं. पुढे काय झालं ते केनीसाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आधी त्यांनी त्याला भरपूर झापलं. मग शिक्षा सांगितली ती अशी : सोमवारी सकाळी त्या बाईंच्या घरी जायचं. त्यांचं धुणं असेल तर ते करायचं, दोरीवर घालायचं, खाली एकही कपडा पडू द्यायचा नाही. अंगणातलं गवत कापायचं असेल तर तेही कापायचं. कपडे वाळले की काढून घरात नेऊन द्यायचे आणि मगच परत यायचं.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे शिक्षा या विषयात मला थोडं कळतं असं मी समजते. याहून चांगली शिक्षा मी ऐकलेली नाही. त्यात छडी नाही, अपमान नाही, शंभर वेळा लिहून आणणं नाही. तू जे पाडलंस ते उचल, एवढंच.

आता खरं सांगायचं तर जनरलसाहेब गोष्ट रंगवून सांगणारे असावेत. पुस्तकं लिहिली तोवर बरीच वर्षं लोटली होती आणि बाँग तर या जगातच नव्हता. नोंदी जरा वेगळं सांगतात. १२ जून १९४२ रोजी बाँगने सॅन अँसेल्मो गावात एका घरावरून अगदी खालून विमान नेलं. त्या घरातल्या वैमानिकाचं नुकतंच लग्न झालं होतं, त्याला आपल्या परीने मंगलाष्टकं म्हणायला हा गेला होता म्हणा ना! पुलाभोवती कोलांट्या मारणारे त्या दिवशी दुसरेच तिघं होते. पण बाँगवर काही दिवस उड्डाणबंदी आली हे खरं. त्यामुळे त्याचे सोबती इंग्लंडला गेले आणि तो मागे राहिला. मग केनी पॅसिफिकच्या आघाडीवर गेले तेव्हा त्यांनी ज्या वैमानिकांची मागणी केली त्यांत बाँग होता. युद्ध संपेपर्यंत त्याच्या नावावर शत्रूची ४० विमानं जमा झाली. अमेरिकेत आजवर तेवढी कुणाचीच नाहीत.

गंमत म्हणजे त्याच तारखेला, १२ जून १९४२ ला, जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक विमान असंच खालून चाललं होतं. पण ते हुकमाने. पॅरिस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. रोज दुपारी जर्मन सैनिक शाँझेलिझे या मोठ्या रस्त्यावरून संचलन करतात अशी खबर इंग्रजांना मिळाली होती. केन गॅटवर्ड नावाचा वैमानिक आणि त्याचा नॅव्हिगेटर जॉर्ज फर्न ब्यूफायटर विमान घेऊन निघाले. बरोबर काय? तर फ्रान्सचे दोन तिरंगी झेंडे. झाडांच्या शेंड्यांवरून पॅरिसमध्ये शिरले. विजय कमानीवर एक झेंडा सोडला. संचलनाचा मात्र पत्ताच नव्हता! मग जिथे जर्मन नौदलाने बिऱ्हाड केलं होतं त्या मंत्रालयावर तोफा झाडल्या, दुसरा झेंडा तिथे टाकला आणि आले तसे परत गेले. दोघांनाही पदकं मिळाली.

म्हणजे एकाच दिवशी एका खंडात खालून गेलं म्हणून पदक आणि दुसऱ्या खंडात उड्डाणबंदी.

वैमानिक इतकं खाली जातात कशाला, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. हौस हे एक उत्तर झालंच. पण दुसरं उत्तर भूगोलाच्या तासाचं आहे. पृथ्वी गोल आहे, आणि रडारची किरणं साधारण सरळ जातात. जमिनीपासून दहा मीटरवर बसवलेल्या रडारला तीन हजार मीटरवरून येणारं विमान सुमारे २४० किलोमीटरवरूनच दिसू शकतं. तेच विमान तीस मीटरवरून आलं तर ते क्षितिजाआडून वर यायला ३५ किलोमीटर उरलेले असतात. ताशी ९०० किलोमीटरने येणाऱ्या विमानाला तेवढं अंतर कापायला दोन-अडीच मिनिटं लागतात. खालचा माणूस चहाचा कप खाली ठेवून टेलिफोन उचलेपर्यंत काम झालेलं असतं! मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, तीस मीटरवर त्या वेगात विमानाचं नाक नुसतं एक अंश खाली झुकलं तर सात सेकंदांत जमीन येते. म्हणून हे शिकावं लागतं, आणि शिकायचं तर कुणाच्या ना कुणाच्या घरावरूनच जावं लागतं.

शिस्तीत शिकायचं ते वेगळं आणि पोरकटपणा वेगळा. अमेरिकन नौदलात या दुसऱ्या प्रकाराला ‘फ्लॅट हॅटिंग’ म्हणत. विमान इतकं खालून गेलं की रस्त्यावरच्या माणसाची टोपी चेपली, म्हणून हे नाव, अशी कथा आहे. वैमानिकांची ही खोड जावी म्हणून नौदलाने १९४६ साली चक्क एक कार्टून फिल्म काढली होती. शाळेत ‘वर्गात दंगा करू नये’ असे तक्ते लावतात, तसंच ते.

फ्रेंचांची एक गोष्ट मला फार आवडते. पहिलं महायुद्ध संपल्यावर १४ जुलै १९१९ ला पॅरिसमध्ये विजयाची मोठी मिरवणूक निघायची होती. वैमानिकांना हुकूम आला, तुम्हीही पायदळासारखे चालत या. झालं! आभाळात लढलेल्या माणसांना हे फार लागलं. त्यांनी ठरवलं की आपल्यापैकी एकाने विजय कमानीच्या आतून विमान न्यायचं. निवड झाली जाँ नावार या नामांकित वैमानिकाची. तो १० जुलैला सरावातच कोसळून गेला. मग चार्ल्स गोदफ्रॉय नावाच्या दुसऱ्याने ते काम अंगावर घेतलं आणि ७ ऑगस्टच्या सकाळी पार पाडलं. कमानीची रुंदी साडेचौदा मीटर, विमानाचे पंख आठ मीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर उरले. खालून ट्राम चालली होती, तिच्यातले उतारू जीव मुठीत धरून खाली आडवे झाले. गोदफ्रॉयला ताकीद देऊन सोडून दिलं. पुढे त्याने असले उद्योग बंद केले आणि घरचा वाइनचा धंदा सांभाळला.

लंडनची गोष्ट याच्याच बहिणीसारखी आहे. ब्रिटिश वायुदलाला १ एप्रिल १९६८ ला पन्नास वर्षं पूर्ण झाली. जेवणावळी झाल्या, परेड झाल्या, पण लंडनवरून विमानांची एक सलामी द्यावी असं सरकारला काही वाटलं नाही. अ‍ॅलन पोलॉक नावाच्या फ्लाइट लेफ्टनंटला ते सहन झालं नाही. पाच एप्रिलला त्याच्या स्क्वाड्रनची विमानं परत तळावर चालली होती, तेव्हा तो तुकडीतून हळूच बाजूला झाला. टेम्स नदीवरून पार्लमेंटपर्यंत आला, पार्लमेंटला तीन प्रदक्षिणा घातल्या, नदीकाठी वायुदलाचं स्मारक आहे तिथे पंख हलवून नमस्कार केला. इथवर ठीक होतं. पण घरी जायच्या वाटेवर समोर आला टॉवर ब्रिज. तो म्हणे त्याच्या डोक्यातच नव्हता, दिसला तेव्हा सुचलं!

ज्यांनी तो पूल फोटोत पाहिला आहे त्यांना आठवेल, खाली रस्ता आणि बऱ्याच वर दोन बुरुजांना जोडणारे चालायचे पूल. त्या दोहोंच्या मधून पोलॉकने आपलं हंटर जेट काढलं. बुरुजांमधलं अंतर ६१ मीटर, विमान दहा मीटर रुंद, म्हणजे जागा होती. पण वेग ताशी सहाशे किलोमीटरच्या वर आणि खालच्या रस्त्यावरून नेमकी एक लाल डबलडेकर बस चालली होती. त्या बसच्या वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसाने घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल, आणि तिने त्याच्यावर विश्वास ठेवला असेल का, याचा विचार करून मी कितीदा तरी एकटीच हसले आहे. एक सायकलवाला मात्र घाबरून सायकलवरून पडला आणि त्याची पँट फाटली, असं सांगतात. पोलॉकने ती भरून द्यायची तयारी दाखवली म्हणे.

तळावर उतरताच त्याला अटक झाली. त्याला वाटत होतं की कोर्ट मार्शल होईल आणि आपलं म्हणणं सगळ्यांसमोर मांडता येईल. तसं झालंच नाही. वैद्यकीय कारण दाखवून त्याला वायुदलातून मोकळं केलं गेलं. ही युक्ती फक्त तिथेच चालते असं नाही. असो. (हीच हंटर विमानं आपल्याकडेही होती. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाड्यांवर जैसलमेरहून जी विमानं तुटून पडली, ती हंटरच.)

तर अशा या गोष्टी. गोळा करता करता मला एक दिसलं, की आपण हसतो कारण खाली कपडे पडले, पँट फाटली, उतारू आडवे झाले. ओकलंडच्या बाईंचं नाव मला कुठेच सापडलं नाही. वरच्याचं नाव राहतं, खालच्याचं नाही.

इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यात २००३ साली एक बाई घोड्यावरून चालल्या होत्या. लष्कराचं चिनूक हेलिकॉप्टर खालून गेलं, घोडा बुजला, बाई पडल्या आणि गेल्या. त्यानंतर तिथल्या घोडेस्वारांना लांबून दिसतील असे झगझगीत रंगाचे जॅकेट घालायला सांगायला लागले, म्हणजे वरच्याला ते आधी दिसतील.

आणि इटलीत, कावालेझे गावाजवळ, ३ फेब्रुवारी १९९८ ला अमेरिकन मरीन दलाचं एक जेट दरीतून खालून गेलं. जायला हवं होतं निदान सहाशे मीटर उंचीवरून, गेलं सुमारे एकशे दहा मीटरवरून. पंखाने रोपवेची तार तुटली. पाळण्यात वीस माणसं होती, बहुतेक बर्फावर खेळायला आलेली. सगळी गेली. विमान सुखरूप तळावर परतलं. त्यांच्याकडे व्हिडिओ कॅमेरा होता, त्यातली टेप त्यांनी नष्ट केली. मनुष्यवधाच्या आरोपातून पायलट सुटला, शिक्षा झाली ती टेपसाठी.

आमचे एक भाचेजावई वायुदलात हेलिकॉप्टर चालवायचे. आता निवृत्त आहेत. दिवाळीत आले होते तेव्हा मी त्यांना ही इटलीची हकिकत सांगितली. त्यांना ती माहीत होती. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “मावशी, तार दिसत नाही हो. आम्ही खांब शोधायचो. एक खांब दिसला की दुसरा कुठे असेल ते बघायचं आणि मधे तार आहेच असं धरून चालायचं. निघायच्या आधी नकाशावर सगळ्या तारा लाल पेन्सिलीने ओढून ठेवायचो.”

“आणि नवीन तार पडली असेल तर?”

“म्हणून तर खांब शोधायचे.”

मी विषय बदलला. म्हटलं, काहीतरी हसण्यासारखं सांगा, फराळ गोड लागू दे. तेव्हा त्यांनी सांगितलं, की त्यांच्या सरावाच्या वाटेवर एका वस्तीबाहेर एक म्हातारी शेळ्या चारायची. चेतक आलं की शेळ्या चारी दिशांना पांगायच्या आणि ती काठी उगारून, तोंडाने काय काय म्हणत, हेलिकॉप्टरमागे चार पावलं धावायची. ऐकू काही यायचं नाही, पण अर्थ कळायचा. मग यांनी वाट जरा बाजूने वळवून घेतली. शेळ्या पांगायच्या थांबल्या, पण म्हातारीची काठी काही थांबली नाही. दिसलं हेलिकॉप्टर की उगार काठी! एकदा लागोपाठ तीन दिवस ती दिसली नाही. शेळ्या दुसराच एक पोरगा चारत होता. चौथ्या दिवशी सकाळी निघताना यांच्या सोबत्याने विचारलं, “आज आजी असेल का रे?” दोघंही काही बोलले नाहीत, पण त्या वस्तीजवळ आल्यावर दोघंही एकाच बाजूच्या खिडकीतून बघत होते.

बाभळीखाली बसली होती. यांना बघून हात टेकत टेकत उठली आणि काठी उगारली.