पासिंग

मागच्या रविवारी आमच्याकडे प्लंबर आला होता. गीझरचा अँगल कॉक गळत होता, तो बदलायचा होता. अर्ध्या तासाचं काम. पण आमच्या घरी बाबा आहेत :)

प्लंबरनं गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, खाली आला आणि बेसिनचा नळ सोडून दाखवला. थेंबही नाही. "झालं काका, बंद आहे लाइन," म्हणत त्यानं पाना काढला.

"थांब जरा भाऊ. बंद केला अन् बंद झाला, यात फरक असते."

बाबांनी नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी ती गच्च भरलेली. जाळी निघाल्याबरोबर सुतासारखी बारीक धार सुरू झाली. मला वाटलं, पाइपातलं उरलेलं पाणी असेल. दहा मिनिटं झाली तरी धार थांबेना.

"काऊन रे, काय होऊन राहिलं हे?" प्लंबर गप्प. "पासिंग आहे तुझा व्हॉल्व्ह."

पासिंग हा बाबांचा पॉवर प्लांटमधला शब्द. व्हॉल्व्ह घट्ट आवळूनही आतून थोडं थोडं पुढे जात असेल तर तो 'पास करतोय'. बाहेरून काहीच दिसत नाही. सीटवर कचऱ्याचा कण अडकला किंवा सीटला चरा पडला की झालं. कोराडीचे ६६० मेगावॉटचे संच सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे २२१ बारच्या वरचा दाब. गाडीच्या टायरमध्ये असतो दोन-अडीच बार. तसल्या लाइनवर काम करताना एका व्हॉल्व्हवर कोण विसंबणार? म्हणून एकामागे एक दोन व्हॉल्व्ह बंद करतात आणि त्यांच्या मधला छोटा ड्रेन उघडा ठेवतात. डबल ब्लॉक अँड ब्लीड.

मी मेकॅनिकलला असताना हे पाठ केलं होतं (मग आयटीत आलो, असो). तेव्हा वाटायचं, खरी गंमत दुसऱ्या व्हॉल्व्हची आहे, एक गेला तर दुसरा आहेच. चूक! मधला ड्रेन बंद असेल तर पहिल्यातून झिरपलेलं मधल्या जागेत साठत जातं, आणि काही वेळानं दुसऱ्यावर अख्ख्या लाइनचा दाब येऊन बसतो. दोन असून एकच. ड्रेन उघडा असला की झिरपलेलं बाहेर निघून जातं, दुसऱ्यावर दाब चढतच नाही. आणि पहिला पास करतोय हे डोळ्यांना दिसतं. (विषारी किंवा पेट घेणारा वायू असेल तर तो असा उघड्यावर सोडत नाहीत, सुरक्षित जागी नेतात.)

बाबांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची खूण आहे. लहानपणापासून बघतोय. विचारलं की "वाफ लागली होती", एवढंच. त्या दिवशी धारेकडे बघत ते आपणहून बोलले. दोन्ही व्हॉल्व्ह बंद होते, टॅग लावलेले, परमिटवर सह्या झालेल्या. मधला ड्रेनही उघडला होता. काहीच आलं नाही, म्हणजे लाइन मेली असं सगळ्यांनी धरलं.

"ड्रेन चोक होता. तार घालून पाहाले पाहिजे होती. मीच नाही पाहिली."

फ्लँजचे बोल्ट सैल केले आणि...

मला एकदम भोपाळ आठवलं. नागपूरहून साडेतीनशे किलोमीटर, आपल्याच जीटी लाइनवरचं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात कामगार पाइप पाण्यानं धूत होते. त्यांनी नंतर सांगितलेल्या हकिगतीनुसार पाइपात स्लिप ब्लाइंड, म्हणजे आडवी लोखंडी चकती, घातलीच नव्हती. भिस्त फक्त बंद व्हॉल्व्हवर. धुतलेलं पाणी ज्या ब्लीडरमधून बाहेर पडायला हवं होतं, ते चोंदलेले. पाणी आत जातंय पण बाहेर येत नाही हे एकाच्या लक्षात आलं, त्यानं पाणी थांबवलंही, पण पुन्हा सुरू करायला सांगण्यात आलं. ते पाणी टाकी क्रमांक ६१० मध्ये पोचलं, तिथे सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. कंपनीनं हे कधी मान्य केलं नाही. कुणीतरी मुद्दाम पाणी सोडलं, हेच तिचं म्हणणं राहिलं. टाकीत पाणी गेलं याबद्दल मात्र वाद नाही. पुढचं आपल्याला माहीतच आहे.

ब्लीडमधून काही येत नाही, याचे दोन अर्थ होतात. आमच्या ऑफिसातही लॉगमध्ये एरर नसली की सगळे खूश. लॉगिंगच बंद पडलंय का, हे बघायला कोणी जात नाही. (मीही नाही.)

तर आमचा गीझर. बाथरूमच्या भिंतीत एक जुना कॉक होता, बेसिनच्या पुढे, गीझरच्या अलीकडे. बाबांनी तो आवळायला लावला आणि बेसिनचा नळ तसाच उघडा ठेवला. वर गच्चीतला, खाली भिंतीतला, मध्ये वाहता नळ. प्लंबरनं अँगल कॉक काढला. फळाफळा ओतलं ते पाइपातलं उरलेलं, मग कोरडं.

"हो ना काका," एवढंच म्हणाला तो.

काम संपेपर्यंत बाबा स्टूल घेऊन बेसिनपाशी बसून होते. आई दोनदा चहाला बोलवून गेली. उठले नाहीत.