सदुसष्ट एकांची संख्या

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. आपल्या जुन्या मोजणीतला परार्धसुद्धा हिच्यापुढे हजार पटींहून लहान पडतो. आणि तरी हिची घडण किती साधी! दोनाचा सदुसष्टावा घात घ्यायचा, त्यातून एक वजा करायचा. द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने सदुसष्ट एक, मध्ये एकही शून्य नाही.

फ्रान्समधले मिनिम पंथाचे संन्यासी मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा संख्यांची यादी दिली. दोनाचे कोणते घात घेऊन एक वजा केला की मूळ संख्या मिळते, ते त्यांनी २५७ पर्यंत सांगितलं. त्या यादीत ६७ होता. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ ही संख्या अभंग समजली गेली. मग १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी सिद्ध केलं की ती मूळ नाही.

मी पुन्हा पुन्हा थांबतो तो इथे. ल्युका यांनी तिचा एकही अवयव दाखवला नव्हता. त्यांची पद्धतच अशी की संख्या फुटते एवढं निःसंशय कळतं, कुठे फुटते ते कळत नाही. शेजारच्या खोलीत पावलं वाजावीत, कुणीतरी आहे याची खात्री पटावी आणि चेहरा मात्र दिसू नये, तसं. सिद्धता पूर्ण होती, ओळख व्हायची होती. गणितात या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या असू शकतात, याचं मला अजून नवल वाटतं.

ओळख पटली १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्कला, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत. फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एरिक टेंपल बेल यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की कोल एक शब्दही बोलले नाहीत. फळ्यावर एकीकडे त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढून एक वजा केला. दुसरीकडे गुणाकार मांडला: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. दोन्ही उत्तरं जुळली, सभेनं टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला असं बेल यांनी नंतर विचारलं, तेव्हा कोल यांनी तीन वर्षांचे रविवार सांगितले.

त्या रविवारांना वाट दाखवणारा एक नियम होता. या संख्येला भागणारी कुठलीही संख्या घ्या, सदुसष्टाच्या दुपटीनं, म्हणजे १३४ ने भागल्यावर बाकी एकच उरते. पण नुसत्या या नियमानं एकेक संख्या तपासत गेलं, तरी लहान अवयव चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या पायरीवर भेटतो. वर्गशेषांच्या आधारे कोल यांनी ही वाट पुष्कळ आखूड केली. तरीही उरलेलं काम हातानंच करायचं होतं. ते किती निगुतीनं झालं असेल!

आज संगणक हे अवयव क्षणात काढतो. तरी एखाद्या रविवारी कागद घ्या आणि कोल यांचा गुणाकार स्वतः करून पाहा. लहान अवयवात सात तीनदा आहे, म्हणजे सातानं गुणलेली ओळ एकदाच काढायची आणि तीन ठिकाणी उतरवायची. दोन एक आणि एक शून्य, तिथे काहीच कष्ट नाहीत. खरी मेहनत नऊ, तीन, सात आणि दोन या चारच ओळींची. हातचे नीट सांभाळा, एकवीस आकडे बरोबर येतील.