काळ्या सायकलीवरून राजूर घाट

मलकापूरच्या माणसाला बुलडाणा म्हणजे 'वर'. "कुठं चालले?" असे कोणी विचारले की आम्ही सांगतो, "वर चाललो, कोर्टात तारीख हाय," नाहीतर "वर पोरगं शिकते." आपला जिल्हा निसर्गानेच दोन मजली बांधला आहे. खाली पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, वर अजिंठ्याच्या डोंगराचे पठार. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, बुलडाणा साडेसहाशेच्या आसपास. अंतर सुमारे ४५ किलोमीटर, आणि त्यातला खरा चढ मोताळ्याच्या पुढे राजूर घाटात एकदम अंगावर येतो. एस.टी.ने हा घाट आम्ही शेकडो वेळा चढलो असू. सायकलने चढायचे ठरले ते एका फ्रीव्हीलवरून झालेल्या भांडणामुळे.

आम्ही चौघे. एक जिनिंगमध्ये फिटर, एक एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर, एक प्राथमिक शाळेचे मास्तर आणि एक कंत्राटी कामावर जाणारा, आमच्यात धाकटा. रविवारी सकाळी विहारातून परतताना आमची पावले आपोआप निंबाच्या झाडाखालच्या सायकल दुकानाकडे वळतात. तिथे एक बाकडे आहे, पाण्याचे घमेले आहे, आणि दुकानदार काका आहेत. चहा कोणी पाजायचा यावर जेवढा वाद होत नाही तेवढा टायरवर होतो. घरच्या बायका म्हणतात, या माणसांना दुसरा विषयच नाही. खोटे कशाला बोला, नाहीच.

धाकट्याची सायकल नवी. एकवीस गिअरची, पुढे शॉक-अप, सव्वीस इंची जाड गुट्ट्यांचे टायर. दिसायला रुबाबदार. पण सपाट डांबरी रस्त्यावर ते टायर भुंग्यासारखे गुणगुणतात, आणि उभे राहून पॅडल मारले की निम्मा जोर शॉक-अपच खाऊन टाकतो. काका त्याला म्हणतात, "बाप्पा, तुझी सायकल तुझ्याआधीच जेवते."

ड्रायव्हरकाकांची सायकल म्हणजे जुगाडाचा नमुना. फ्रेम जुनी काळी, पण चाके सव्वीस इंची. जुन्या काळ्या सायकलीचे चाक अठ्ठावीस इंची, टायर दीड इंची. त्याच्या रिमला टायर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. सव्वीस इंची जाड टायरच्या रिमचा तोच व्यास ५५९. म्हणजे जुना दांड्याचा ब्रेक रिमपर्यंत पोचतच नाही. काकांनी ओळखीच्या वेल्डरकडून फॉर्कला आणि मागच्या नळ्यांना पितळेचे टाके घालून नव्या ब्रेकच्या खुंट्या बसवून घेतल्या. ब्रेक झकास लागतो. पण चाक लहान झाल्याने सगळी सायकल इंचभर खाली बसली, आणि वळणावर पॅडल मारत राहिले तर ते रस्त्याला घासते. एकदा ठिणगी उडालेली आम्ही पाहिली आहे.

मास्तरांनी काहीच बदललेले नाही, फक्त दोन्ही मडगार्ड काढले आहेत. ते बरोबरच आहे. पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला धरली की मडगार्डमध्ये अशी गच्च भरते की सायकल ढकलताही येत नाही. काडीने कोरत बसावे लागते. ज्यांचे शेत रस्त्यापासून आत आहे त्यांच्या सायकलींना मडगार्ड कधी नसतोच. बाहेरचा माणूस म्हणेल सायकल मोडकी आहे. ती मोडकी नव्हे, मातीच्या मापाने बेतलेली असते.

आता फिटरभाऊंची सायकल. ती त्यांच्या वडिलांची अ‍ॅटलास. हा कारखाना १९५१ साली हरियाणात सोनीपतला सुरू झाला आणि साहिबाबादचा त्यांचा कारखाना जून २०२० मध्ये थांबला. ज्या सायकलीवर एका पिढीने अख्खे आयुष्य काढले तिचा कारखाना बंद पडला त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता, हेही एक नवलच. भाऊंचे वडील आधी सालदार, नंतर रखवालदार. मुलगा बुलडाण्याला वसतिगृहात शिकत होता. दर महिन्याला ते कॅरिअरवर अर्धे पोते ज्वारी बांधून घाटाच्या रस्त्याने निघत. म्हणून त्या सायकलीला फॉर्कच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या सळ्या लावलेल्या आहेत आणि मागच्या चाकात जाड तारा आहेत. पुढे बत्तीस, मागे चाळीस तारा. जुन्या सायकलीचा हिशेबच तसा, कारण वजन मागे पडते.

भांडण झाले ते इथे. ही सायकल पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा. एका पॅडलच्या फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर जाते. सपाटीवर उत्तम, घाटात गुडघे मोडणारे. काकांनी मागे बावीस दात्यांचा फ्रीव्हील काढून दाखवला. तो लावला की एका फेऱ्यात साडेचार मीटर. अंतर मीटरभर कमी, जोरही तेवढाच कमी. चेनमध्ये फक्त दोन कड्या वाढवायच्या. भाऊ एकदम उसळले. "बाबांनी ह्याच दात्यांवर घाट चढला. मी तेला हात लावू देनार नाई."

मास्तरांनी मग फ्रान्सची गोष्ट सांगितली. तिथल्या प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यतीत चालता चालता गिअर बदलणाऱ्या यंत्राला १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती. शर्यत भरवणाऱ्यांना वाटे, त्याने खेळाडूचा कस कमी होतो. तोवर चालक काय करीत? मागच्या चाकाच्या दोन बाजूंना लहान-मोठे दोन दाते, आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरून चाक काढून उलटे बसवायचे. "जगातले पट्टीचे सायकलवाले पायथ्याशी उतरत होते, भाऊ," मास्तर म्हणाले. भाऊ म्हणाले, "मंग मी बी उतरीन." आणि त्यावरच ठरले, जाऊनच पाहू.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशी, वेचणी चाललेली. तुरीच्या शेंगा भरलेल्या. कापसाचे ट्रॅक्टर इतके उंच भरलेले की मागून येणाऱ्याला पुढचे काही दिसू नये. दाताळा मागे पडले. मोताळ्याच्या अलीकडे पहिला पंक्चर झाला, आणि तो नव्या सायकलीला. जाड गुट्ट्यांच्या टायरात सराट्याचा काटा शिरला होता. सराटा जमिनीलगत पसरतो, त्याचे फळ कसेही पडले तरी एक टोक वर राहते. धाकट्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फिटरभाऊंच्या टायरात मात्र आतून जुन्या टायरची पट्टी घातलेली, कडा काचेने तासून पातळ केलेल्या. वजन वाढते, पण काटा ट्यूबपर्यंत जात नाही. हवेचा टायर १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने पेटंट केला, आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी काढलेली युक्ती ती. त्याला बाभूळ आणि सराटा ठाऊक असता तर पट्टीही त्यानेच शोधली असती.

मोताळ्याच्या चौकात चहा घेताना शाळेच्या दोन मुली सायकली हातात धरून चालत आल्या. मानव विकास कार्यक्रमात मुलींना शाळेसाठी सायकलीचे पैसे मिळतात, ह्या त्यातल्याच. एकीचे पुढचे चाक ब्रेकला घासत होते म्हणून ती चालवत नव्हती. ड्रायव्हरकाकांनी तिथेच सायकल उलटी केली. चाक फिरवून खडूने घासणारी जागा खुणावली, एका बाजूच्या तारा पाव पाव आटा ढिल्या, समोरच्या तेवढ्याच ताठ. दहा मिनिटांत चाक सरळ. मग सीट दोन बोटे खाली घेतली. पोरगी बसली आणि पाय टेकले तेव्हा हसली. "इतके दिवस कोनी सांगितलं नाई का तुले?" काकांनी विचारले. ती म्हणाली, "दुकानवाला म्हने, अशीच येते."

राजूर मागे टाकले आणि घाट सुरू झाला. पहिल्या वळणापर्यंत सगळेच शूर असतात. धाकटा सर्वांत लहान गिअर टाकून तुरुतुरु पाय मारीत पुढे गेला. ड्रायव्हरकाका वळणावर आतले पॅडल वर धरायला विसरले आणि खर्रकन आवाज झाला. मास्तर गप्प. भाऊ सीटवरून उठून, हँडल ओढत, एकेक फेरा मोजून मारत होते. दुसऱ्या वळणावर त्यांच्या सायकलीतून 'टक्' असा आवाज येऊ लागला, दर फेऱ्याला एक. क्रँकची कॉटर ढिली झाली होती. उतरलो, दगड आणि पान्याने ठोकली, नट आवळला. सागाची पाने गळून घाट उघडा पडला होता. खाली धुक्यात नळगंगेच्या खोऱ्याची शेते पाटीवर रेघा मारल्यासारखी दिसत होती. पुन्हा शंभर पावले गेलो, पुन्हा टक्.

भाऊ उतरले ते मग चढलेच नाहीत. आम्हीही उतरलो. ढकलता ढकलता ते म्हणाले, "बाबा बी चालतच जात असतीन." आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "म्या तेईले कदी इचारलंच नाई. वसतिगृहाच्या दारात सायकलवर बसूनच येत, म्हनून मले वाटे घाट चढून आले." अर्धे पोते ज्वारी, चव्वेचाळीस-अठरा दाते आणि हा चढ. हिशेब मास्तरांनीही मांडला नाही. तो ज्याचा त्याला कळला होता.

वर पोचलो की वारा बदलतो. इथे आणखी एक गंमत आहे. घाटाखाली पडलेला पाऊस नळगंगेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि पश्चिमेच्या समुद्राला जातो. वर पठारावरचा पाऊस पैनगंगेत जातो, आणि ती गोदावरीच्या पाण्याबरोबर पूर्वेच्या समुद्राला. एका घाटाच्या माथ्यावर दोन समुद्रांची वाटणी. एस.टी.त हे कधी ध्यानात आले नाही. पायांना मात्र ती उतरंड बरोबर कळते.

रात्री बुलडाण्यात भाऊंच्या साडूंकडे मुक्काम. थंडी चांगली होती. जेवणानंतर विषय निघाला १९८३ सालच्या कांशीराम साहेबांच्या सायकल यात्रेचा. अनेक राज्ये त्या लोकांनी सायकलने पालथी घातली. सायकली कसल्या असतील? काळ्याच, दुसऱ्या कसल्या, असे काका म्हणाले. मास्तरांनी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांचे नाव काढले, ज्यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत एकट्याने पूर्ण केली. धाकट्याला त्या सायकलीची किंमत सांगितली तर तो पांघरुणातून उठून बसला. भाऊ मात्र अंगणात बॅटरी लावून कॉटरकडे पाहत होते.

सकाळी बोथा घाटाने उतरून खामगावकडे निघालो. रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशेहून अधिक किलोमीटर चालून २०१९ साली ह्याच जंगलात आला होता. त्याला कोणी दात्यांचा हिशेब विचारला नाही, असे धाकटा म्हणाला आणि मास्तरही हसले.

उताराची भीती आम्हाला चढापेक्षा जास्त होती. दांड्याच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला दाबले जाते, आणि रिम असते चकचकीत पोलादाची. दव पडलेले असले की पहिले दोन-चार फेरे ब्रेक लागतच नाही, रबर नुसते घसरते. काकांनी एस.टी.तला नियम सांगितला: वेग वाढल्यावर ब्रेक दाबू नका, वाढू देऊच नका. थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पुढचा-मागचा आलटून पालटून. दोनदा थांबून रिमला हात लावला तर चटका बसला. मास्तरांचे एक रबर झिजून लोखंड लागायला आले होते. ते त्यांनी काढून ठेवले आणि उरलेला उतार मागच्या ब्रेकवर, चालण्याच्या वेगाने उतरले. आम्ही सगळे त्यांच्या मागे. दुचाकीवाले हॉर्न मारून हसून जात होते. जाऊ देत.

खामगावात चहा, मग नांदुऱ्याच्या सपाट रस्त्याने घर. तिथे भाऊंची चव्वेचाळीस-अठरा दात्यांची सायकल अशी सुटली की एकवीस गिअरवाला मागे पडला. बापाची निवड चूक नव्हती; ती सपाटीची होती.

पुढच्या रविवारी भाऊ सायकल घेऊन काकांच्या दुकानात आले. बरोबर मुलगी होती. तिला ह्या वर्षी बुलडाण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे, आणि खोलीपासून कॉलेज लांब आहे. ती म्हणाली, आजोबांची सायकल मी नेते. नळी आडवी आहे, उंच पडेल, आम्ही म्हणालो. "मी पँट घालते, काका," ती म्हणाली. विषय संपला.

काकांनी छन्नी लावून जुना फ्रीव्हील सैल केला. अठ्ठेचाळीस वर्षांचे गंज-तेल होते, तासभर गेला. बावीस दात्यांचा चढवला, चेनला दोन कड्या, नवी कॉटर कानशीने घासून बसवली, सीट पार खाली. मागची जाळी आणि फॉर्कच्या सळ्या तशाच ठेवल्या. अठरा दात्यांचा फ्रीव्हील रॉकेलमध्ये धुऊन काकांनी कागदात बांधून भाऊंच्या हातात दिला. मुलगी एक चक्कर मारून आली. आम्ही विचारले, कशी आहे? म्हणाली, "उजवीकडे अजून टक् वाजते."

भाऊ पुन्हा पाना घेऊन खाली बसले.